बोटं मोजा

मोबाइल टेबलावर पालथा ठेवा. फोटो नंतर बघू. लाइट गेलीय आणि इन्व्हर्टरवर हा एवढा एकच दिवा चालतो, तेव्हा इकडे उजेडात या. तुमचा फोटो खरा की खोटा हे विचारायला चाकणच्या गर्दीतून महाळुंग्यापर्यंत आलात, म्हणजे तुमचं काहीतरी अडलेलं असणार. पण मी आता शिक्के मारत नाही. का मारत नाही, ते ऐकून घ्या आणि मग ठरवा.

मी तनुजा. खाली ज्या खोल्या बघितल्यात त्या माझ्या वडिलांच्या, दादासाहेबांच्या. कारखाने आले तेव्हा आमची शेती गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चोवीस खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्याने दिल्या. त्या भाड्यावर मी स्कॉटलंडला जाऊन शिकले. इंटरनेटवर आलेली बातमी, फोटो, व्हिडिओ कसा पडताळायचा, हाच माझा विषय. वर्गातल्या बहुतेकांनी तिकडेच नोकऱ्या धरल्या. मी परत आले, कारण इथे माणसं खोट्या फोटोंपायी मार खात होती आणि त्याची कोणाला लाज वाटत नव्हती.

या माडीवर बसून मी एक नंबर जाहीर केला. शंका असेल ते पाठवा. मी तपासायचे आणि त्यावर शिक्का मारून परत पाठवायचे. हिरवा म्हणजे खरं, लाल म्हणजे खोटं. पहिल्याच महिन्यात 'पोरं पळवणारी बाई' म्हणून एक फोटो फिरला. भंगार गोळा करणारी एक बाई होती ती, तळवड्याकडे लोकांनी तिला घेरलं होतं. माझा लाल शिक्का अर्ध्या तासात पोचला म्हणून ती वाचली. त्या दिवशी वडिलांनी खालच्या चोवीस खोल्यांत पेढे वाटले. मला वाटलं, आपण हेच करायला परत आलो. सत्य म्हणजे एक पद्धत आहे, ती नीट पाळली की सत्य हाती लागतं, असं मी तेव्हा मानत होते.

मग एका सोमवारी शेखरचा फोन आला.

शेखर भोसरीचा. शाळेत माझ्या वर्गात होता. त्याच्या चुलत्यांचं वर्कशॉप आहे, गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटे भाग तिथे प्रेसवर ठोकून काढतात. सगळा कारभार शेखर बघायचा. त्यांच्या वर्कशॉपचं नाव घालून एक फोटो कामगारांच्या ग्रुपवर फिरतोय, असं त्याने सांगितलं. बदनामी चाललीय राव, तूच काहीतरी कर. मोठ्या कंपनीचं ऑडिट तोंडावर आलंय, त्यांनी हे पाहिलं तर काम हातचं जाईल.

फोटो मी गाडी काढायच्या आधीच पाहिला. राखाडी फरशीवर एक माणूस पडलाय. तोंड पलीकडे आहे. उजवा हात कॅमेऱ्याकडे पसरलेला, तळवा वर. फोटो अगदी जमिनीच्या पातळीवरून घेतलेला होता, जणू काढणाराही शेजारी आडवाच झाला असावा. खाली लिहिलं होतं, 'ओळखा.'

वर्कशॉपमध्ये शिरले तेव्हा सहा प्रेस चालू होते. तो आवाज कानात येत नाही, टाचांतून वर चढतो. आत एक वास होता. तेलाचा, तापलेल्या पत्र्याचा, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी कसला तरी, गोडसर, घशाला चिकटणारा. मी नाकाला ओढणी लावली तेव्हा शेखर म्हणाला की कोपऱ्यातल्या लेथचं कूलंट, हत्यार गार ठेवायचं तेलपाणी, बदलायचं राहिलंय, ते कुजलं की असंच होतं. ते खरंच असतं म्हणा. मी मान डोलावली.

मी पद्धतीने सुरुवात केली. फोटो आधी कुठे येऊन गेलाय का, ते शोधलं. कुठेच नव्हता. फाइलमध्ये तारीख नव्हती, कॅमेऱ्याचं नाव नव्हतं. फोटोतली फरशी राखाडी, इथली फरशी हिरवी. ऑडिटसाठी रंगवली, शेखर म्हणाला. कधी, हे मी विचारलं नाही. मग मी तो हात मोठा करून पाहिला आणि मला हसूच आलं. अंगठा, तर्जनी आणि करंगळी. मधली दोन बोटं नव्हतीच. जिथे ती असायला हवीत तिथे कातडी गुळगुळीत, जणू तिथे कधी काही उगवलंच नव्हतं. एआयने, म्हणजे कॉम्प्युटरने बनवलेल्या चित्रात हात नेहमी असे चुकतात. आम्हाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं. बोटं मोजा.

मला ते सगळ्यांना समजावून सांगायचं होतं. हे ज्ञान माझ्यापाशी राहून काय उपयोग, असं माझं तेव्हाचं वेड. मी प्रेस थांबवायला लावले, कामगारांना गोळा केलं आणि मोबाइल वर धरून म्हटलं, मोजा बरं, मोठ्याने मोजा.

कोणी मोजलं नाही. दहा-बारा जण खाली बघत उभे राहिले. त्यातल्या तिघा-चौघांनी हात पाठीमागे घेतले. एकाने खिशात घातले. मला वाटलं, शिकलेल्या बाईपुढे संकोचलेत.

ग्रुपवर लोक फोटोखाली एक नाव लिहीत होते, मुरारी. तो कुठे आहे, असं मी शेखरला विचारलं. तो म्हणाला, गेला सोडून. आत्ताच्या बुधवारी ओव्हरटाइम करून गेला तो परत आला नाही, बाईबिईचा मामला असेल. आणि त्याने मला दारापाशी नेऊन भिंतीवरचं हजेरीचं मशीन दाखवलं. अंगठा लावायचा, नाव उमटतं, एक बाई इंग्रजीत 'थँक्यू' म्हणते. तुम्ही पाहिलं असेल, सगळीकडे असतं. मशीनवर बुधवारची नोंद होती. मुरारी, बाहेर, रात्रीचे अकरा वाजून बावन्न मिनिटं.

"अंगठ्याला तर खोटं बोलता येत नाही ना?" शेखर म्हणाला.

मला पक्की खात्री हवी होती. मशीन कोणाचाही अंगठा घेतं का, ते बघते म्हटलं. शेखरने तळवे शर्टाला पुसले आणि तो म्हणाला, बघ की. मी अंगठा काचेवर टेकवला. काच चिकट होती. गुळाचा पाक सांडून वाळल्यासारखी. 'प्लीज ट्राय अगेन,' मशीन म्हणालं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. म्हणजे मशीन चोख होतं. मी अंगठा ओढणीला पुसला आणि तिथेच, त्या हिरव्या फरशीवर उभ्या उभ्या लाल शिक्का मारला. 'खोटं. बोटं मोजा.' शेखरने चहा मागवला, क्रीमरोल मागवले. मी त्याच हाताने क्रीमरोल खाल्ला. बोटाला लागलेलं क्रीम चाटलंसुद्धा. हे आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं ते.

पुढचे दोन दिवस माझा शिक्का सगळ्या पट्ट्यात फिरला. चाकण, भोसरी, पिंपरी, कुठे कुठे. लोकांनी त्याची चित्रं केली. कोणी तीन बोटांचा नमस्कार टाकला, कोणी तीन बोटांत वडापाव धरलेला. त्यातलं एक चित्र मीही पुढे पाठवलं. हसू आलं म्हणून.

गुरुवारी सकाळी खालच्या जिन्यापाशी एक बाई उभी होती. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात. बाई वर आली, बसली नाही. मी शकू, म्हणाली, मुरारीची बायको. परभणीकडचे आम्ही, भोसरीत खोली आहे. नवरा आठ दिवस झाले घरी नाही. मालक म्हणतो पळून गेला. शेजारच्या बाया नळावर हसतात. चौकीत दोनदा जाऊन आली, तर तिथल्या माणसाने मोबाइलवर माझा लाल शिक्का दाखवला आणि सांगितलं, फोटो खोटा आहे बाई, मॅडमनी तपासलाय, नवरा येईल परत.

मी तिला समजावायला लागले. सावकाश, सोप्या शब्दांत, शिकवल्याप्रमाणे. हे बघा, हा हात बघा, इथे बोटं मोजा.

"मोजली ताई," ती म्हणाली. "त्येंची तेवढीच व्हती."

तिने तिचा मोबाइल पुढे केला. मुलीचा वाढदिवस. केक, मेणबत्त्या, कागदाची टोपी घातलेली हर्षाली, आणि सुरी धरलेल्या तिच्या हातावर ठेवलेला एक मोठा हात. अंगठा, तर्जनी, करंगळी. मधली दोन बोटं तीन वर्षांपूर्वी प्रेसमध्ये गेली, शकूने सांगितलं. त्यांच्या लायनीत सगळ्यांचंच एखादं गेलेलं असतं. त्याचं कोणाला काही वाटत नाही.

मला वर्कशॉपमधले पाठीमागे घेतलेले ते हात आठवले.

"पळून गेला का मेला, एवढंच सांगा," ती म्हणाली. "लेकीला काय सांगू मी?"

हर्षालीला माझ्या आईपाशी ठेवलं आणि आम्ही दोघी गाडीवरून निघालो. गुरुवार होता. तुम्हाला माहीतच आहे, भोसरीत गुरुवारी वीज बंद, म्हणून वर्कशॉपची सुट्टी गुरुवारी. इतर दिवशी जिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्या गल्ल्यांत त्या दुपारी माझ्या गाडीचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. शटर ओढलेली. रस्त्यावर तेलाचे डाग, त्यात ऊन. एक कुत्रं नाही. भर दुपारी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

वर्कशॉपवर सोनबा नावाचे म्हातारे राखणदार होते, भोसरी गावातलेच. आज बंद हाय, म्हणाले. शकूने तिचं मंगळसूत्र पदराबाहेर काढून त्यांना दाखवलं. त्यांनी कुलूप काढलं, शटर गुडघ्यापर्यंत वर केलं आणि स्वतः मागे सरले.

"मी आत यायचो न्हाई," ते म्हणाले. "तीन वाजत आलं."

"तीनला काय असतं?"

"त्येची शिफ्ट."

आम्ही वाकून आत गेलो. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसलं नाही. फक्त वास आला. सोमवारी तो तेलाच्या खाली होता, आता तेलच त्याच्या खाली गेलं होतं. शकूने पदर तोंडात धरला. मी मोबाइलचा उजेड पाडला. सहा प्रेस ओळीने उभे होते, माना खाली घातलेल्या जनावरांसारखे. चौथ्यापाशी माझी चप्पल फरशीला चिकटली. बाकी सगळीकडे हिरवा रंग कडक वाळला होता, तिथे मात्र तो ओला होता आणि त्याला फोड आले होते. मी चपलेच्या टोकाने खरवडलं. खाली राखाडी फरशी होती. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो, हात आत असला की मशीन थांबवणारा. त्याच्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. काम भरभर व्हावं म्हणून लावतात, असं मला मागाहून कळलं.

वरचा पत्रा उन्हाने टणकन वाजला. आम्ही दोघी थबकलो.

मग दारापाशी एका बाईचा स्वच्छ, आनंदी आवाज आला.

"थँक्यू."

त्या मशीनला आतली बॅटरी असते. वीज नसली तरी ते चालतं. एवढं मला माहीत होतं. पण त्याच्यासमोर कोणी नव्हतं. शटरखालून आलेली उन्हाची पट्टी होती आणि त्यात धूळ तरंगत होती. हिरवट पडद्यावर नाव उमटलं होतं. मुरारी. आत. तीन वाजता.

शकू ओरडली नाही. ती त्या मोकळ्या जागेकडे बघून हळूच म्हणाली, "आलाव का…"

मला सांगायला शरम वाटते, पण तेव्हाही मी पुरावाच शोधत होते. मशीन बिघडलंय, म्हणजे बुधवारची नोंदही खोटी धरता येईल. मी पुढे झाले. माझी तर्जनी लावली. 'प्लीज ट्राय अगेन.' मग अंगठा लावला. काच अजून चिकट होती, आणि आता कोमट.

"थँक्यू."

पडद्यावर पुन्हा तेच नाव आलं. मुरारी.

मी पुन्हा लावला. मुरारी. ओढणीला घासून लावला. मुरारी. त्याच वेळी माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गार पडली. बधिर झाली असं नाही. ती जणू माझी उरलीच नाहीत. बाकीचा हात मात्र काय करायचं ते जाणत होता. माझे पाय चौथ्या प्रेसपाशी गेले, तिथून वळले, मागचं पत्र्याचं दार मी एकदाही न चाचपडता उघडलं. त्याची कडी वर उचलून मग ओढावी लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मागे पत्र्याच्या कात्रणांचा ढीग होता. भंगाराचा ट्रक शुक्रवारी येणार होता. कात्रणांखाली ताडपत्री होती, तिच्यावर फिनेल ओतलेलं. माशांचा आवाज मी आधी वीज आल्याचा समजले.

पुढचं सगळं सांगणार नाही. शकूने त्याला पायांतल्या मोज्यांवरून ओळखलं. हात बघायची गरजच पडली नाही.

मी चौकीला फोन लावला. तिथून फोटो मागितला. त्या ढिगासमोर उभी राहून, एका हाताने नाक दाबून, मी फोटो काढून पाठवला. दहा मिनिटांनी फोन आला.

"मॅडम," तो माणूस विचारत होता, "हा तपासून घेतलाय ना तुम्ही?"

शेखरला त्याच संध्याकाळी धरलं. त्याने जबाबात सगळं सांगितलं. बुधवारी ओव्हरटाइमला मुरारी एकटाच होता. अडकलेला पत्रा काढायला तो आत वाकला आणि प्रेस आला तो त्याच्या छातीवर. तो गेला हे कळल्यावर शेखरने त्याला काखेत धरून हजेरीच्या मशीनपाशी ओढत नेलं आणि त्याचा अंगठा काचेवर लावला. पहिल्यांदा 'प्लीज ट्राय अगेन' आलं, कारण अंगठा ओला होता. मग त्याने तो स्वतःच्या शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला. ती काच नंतर कोणी पुसली नव्हती. माझ्या अंगठ्याला लागलं तेवढंच काय ते निघालं.

मी हिरवा शिक्का मारला. 'खरं. माझी चूक झाली.' तो एक्केचाळीस जणांनी पुढे पाठवला. लाल मात्र अजून फिरतोय. परवाच मला नाशिकच्या कोणीतरी पाठवला, हसण्याच्या चित्रासकट. खाली विचारलं होतं, ताई, हे खरंय का? त्या रात्री जेवण गेलं नाही. शेखरची किळस येते ती वेगळी. पण ज्या हाताने मी लोकांना मोजायला शिकवत होते, त्या हाताने आता भात कालवत नाही, चमच्याने खाते.

शकू मुलीला घेऊन परभणीला गेली. जाताना भेटायला आली होती. हर्षालीला खरं ते सांगितलं, म्हणाली. बाप पळाला नव्हता, हे पोरीला कळलं. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आता राहिला तो फोटो. पहिल्यांदा ग्रुपवर तो कोणत्या नंबरवरून आला, हे मी त्या सोमवारी शोधलंच नव्हतं. पोलिसांनी शोधलं. मुरारीच्याच नंबरवरून, रविवारी दुपारी तीन वाजता. त्याचा मोबाइल त्याच्या छातीच्या खिशात सापडला. प्रेसखाली तोही आला होता, बुधवारीच. पापडाएवढा पातळ झाला होता.

त्या गुरुवारपासून माझा मोबाइल माझ्या अंगठ्याने उघडत नाही. आकडे घालून उघडते. बँकेतही अंगठा जुळेना, तेव्हा गेल्या आठवड्यात आधार केंद्रावर गेले, बोटांचे ठसे नव्याने द्यायला. धनेश नावाचा मुलगा होता तिथे, मोठा नम्र. चारही बोटं काचेवर सपाट ठेवायला सांगितली. मी ठेवली. त्याने पडद्याकडे पाहिलं, काच पुसली, पुन्हा ठेवायला सांगितली. असं चार वेळा झालं. मग अवघडून म्हणाला, "मॅडम, मधली दोन पण ठेवा ना."

मी म्हटलं, ठेवली आहेत.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुढचा नंबर पुकारला.

हा बघा माझा हात, दिव्याखाली. पाच आहेत ना? डोळ्यांनी मोजली तर पाचच भरतात. मीही रोज मोजते.

नाही, मोबाइल उचलू नका. फोटो नका काढू…